हयातीचा दाखला वर्षातून एकदाच का?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

माजी सैनिकाच्या आत्महत्येची बातमी वृत्तपत्रांत ठरलेल्या साच्यात येते. नाव, गाव, वय, पलटण, मग 'कर्जाला कंटाळून' किंवा 'घरगुती वादातून', आणि शेवटी 'गावावर शोककळा'. हे पत्र हळहळ व्यक्त करण्यासाठी नाही. माजी सैनिकांची पेन्शन, कागदपत्रे, दवाखाना ही कामे तालुक्याच्या पातळीवर पाहणारे आम्ही काही जण आहोत. जवळजवळ पैशाविना गावाला काय करता येते आणि ते करताना नेमके कुठे चुकते, एवढेच मांडायचे आहे.

लष्करात रोज संध्याकाळी गिनती होते. एक जवान कमी भरला तर तो सापडेपर्यंत कंपनीला चैन नसते. लंगरपासून गार्डरूमपर्यंत विचारणा होते. तोच जवान नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक घेऊन पेन्शनवर गावी आला की त्याची गिनती थांबते. यानंतर सरकार वर्षातून एकदा त्याला विचारते, जिवंत आहेस ना? त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. आमचे म्हणणे इतकेच की हा प्रश्न गावाने महिन्यातून एकदा विचारावा, आणि तो अंगठ्याला नव्हे, माणसाला विचारावा.

आकड्यांचे म्हणाल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. या अहवालात धंद्यानुसार रकाने आहेत: शेतकरी, रोजंदार, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त वगैरे. माजी सैनिकाचा वेगळा रकाना नाही. अडतिसाव्या वर्षी पेन्शनवर आलेला नाईक हुद्द्याचा जवान बँकेच्या दारात रखवालीला उभा राहिला की तो खासगी नोकरदार ठरतो आणि शेतात उतरला की शेतकरी. त्यामुळे 'जिल्ह्यात माजी सैनिक किती गेले' या साध्या प्रश्नाला कोणत्याही टेबलावर उत्तर नाही. अमेरिकेत माजी सैनिकांचा हा आकडा दरवर्षी वेगळा छापतात, म्हणून तिथे निदान भांडता तरी येते.

दरवर्षी देशभरात सुमारे साठ हजार जवान पेन्शनवर येतात. पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागते, म्हणजे बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात. 'निवृत्त' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा काठीवाला आजोबा हा नव्हे. याची मुलं अजून शाळेत असतात, म्हातारे आईवडील घरात असतात आणि पुढं तीस वर्षं काढायची असतात. पहिली दोन वर्षं सर्वांत नाजूक, आणि त्या दोन वर्षांतच गाव त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतं. हुद्दा काहीही असो, गाव त्याला 'मेजर' म्हणतं आणि मेजरला काय कमी आहे, असं धरून चालतं.

कमी काय असतं ते पाहा. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, विमा, शिल्लक रजेचे पैसे असं सगळं एकदम खात्यात पडतं. कम्युटेशन म्हणजे पेन्शनचा काही हिस्सा आगाऊ विकून टाकणं. जवानाला तो निम्म्यापर्यंत विकता येतो आणि विकलेला हिस्सा पंधरा वर्षांनी परत चालू होतो. म्हणजे दरमहा हातात पडणारी रक्कम पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, लिहिलेल्या पेन्शनपेक्षा बरीच कमी. हे गावाला ठाऊक नसतं. गावाला फक्त एकरकमी आलेला पैसा दिसतो. सहा महिन्यांत घराचा स्लॅब पडतो, भावाच्या ट्रॅक्टरचा पहिला भरणा होतो, मेहुण्याला हातउसने जातात, कुणाच्या तरी पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून होतं. देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि मागायची सवय नसल्याने परत मागता येत नाही. वर्ष-दीड वर्षात खातं रिकामं होतं. पण ही गोष्ट तो बायकोलाही सांगत नाही, कारण सतरा वर्षं घरी पैसे पाठवणारा माणूस म्हणूनच त्याची घरात ओळख होती. म्हणून पेन्शनवर येणाऱ्याला आमचा पहिला सल्ला रूक्ष असतो: बारा महिने एकरकमी पैसा मुदत ठेवीत, उसनवारी बंद, जामीन कुणालाही नाही. नातेवाइकांना सांगायला सोपं कारणही देतो, पैसा वर्षभर अडकलाय.

घरातही जागा शोधावी लागते. रेशनकार्डापासून उसाच्या बिलापर्यंत सगळा कारभार इतकी वर्षं बायकोने एकटीने चालवलेला असतो. हा येतो आणि पहाटे पाचला पोरांचं फॉलइन लावतो. चार दिवस कौतुक, मग कुरबुर, मग तो पडवीत आणि बाकीचे आत. सातबारावर त्याचं नाव असतं, पण जमीन भावाने कसलेली असते. वाटणीचा विषय काढला की 'पेन्शन आहे की तुला' हे ठरलेलं उत्तर येतं. त्यात बारा तासांची रात्रपाळीची रखवाली, गुडघा किंवा कंबर कायमची धरलेली, आणि झोप मोडलेली. एका कारणाने माणूस जात नाही. तीन-चार गोष्टींची गाठ बसते आणि तिच्यावर दारू पडते. 'कर्जाला कंटाळून' हे शब्द म्हणूनच अपुरे आहेत; तेवढंच कर्ज असलेले चार जण त्याच गल्लीत असतात.

आता गिनती कशी करायची ते. पूर्ण यादी कुठेच तयार मिळत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद केलेल्यांचीच नावं असतात. ज्याने ओळखपत्रच काढलं नाही तो त्यात नसतो, आणि नेमका तोच एकटा पडलेला असण्याची शक्यता जास्त. म्हणून यादी पारावर बसून, गल्लीगल्लीने करावी आणि कार्यालयातल्या कल्याण संघटकाच्या यादीशी ताडून पाहावी. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरीत किंवा शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत घराघरांत फौजी निघतील. साध्या गावात पंधरा-वीस निघतात. एका माणसाकडे दहाच्या वर नावं देऊ नयेत. दहाच्या वर गेलं की भेट सुटते आणि नुसता फोन उरतो. गिनती घेणारा शक्यतो पेन्शनवर येऊन पाच-सात वर्षं झालेला असावा, त्याच हुद्द्याच्या आसपासचा असावा आणि उसनवारीच्या व्यवहारात अजिबात नसावा. सुभेदारसाहेब शिपायाच्या घरी गेले की शिपाई उठून उभा राहतो आणि 'सब ठीक है साब' म्हणून मोकळा होतो. तिथे काही कळत नाही.

वही दोनशे पानी, रकाने पाच: नाव, भेटीची तारीख, झोप, काम, पुढची भेट. आजार, दारू, भांडण, कर्ज यांतलं एक अक्षर लिहायचं नाही. वही गावातच राहते आणि आज ना उद्या कुणाच्या तरी हाती लागते. काही नाजूक वाटलं तर पुढच्या भेटीच्या तारखेखाली नुसती एक रेघ ओढावी. रेघ म्हणजे भेट महिन्याने नाही, आठवड्याच्या आत. दोन रेघा म्हणजे आजच दुसऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन.

भेटीत 'काय मेजर, मजेत ना?' असं विचारू नये; त्याला 'एकदम फर्स्ट क्लास' हेच उत्तर येतं. झोपेचं विचारावं. काल अंग कधी टाकलं, जाग कधी आली, मधे किती वेळा उठलास? झोपेबद्दल बोलायला कुणालाही कमीपणा वाटत नाही आणि बिघाड सर्वांत आधी तिथेच दिसतो. समोरासमोर खुर्च्या टाकून बसू नये. उसाला पाणी देताना बांधावर, गोठ्यात, किंवा माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकला मोटारसायकलवर मागे बसून जाताना माणूस बोलतो, कारण तेव्हा नजरेला नजर द्यावी लागत नाही.

चुकतं कुठे? संघटना १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आणि २६ जुलैच्या कारगिल विजय दिनाला जागी होते. शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो, आणि जो आला नाही त्याची कुणी विचारपूस करत नाही. न आलेल्यांची यादी ही त्या दिवशीची खरी कमाई असायला हवी. दुसरी चूक व्हॉट्सॲप ग्रुपची. सकाळी दोनशे जणांचे 'जय हिंद' येतात आणि सगळ्यांना वाटतं, संपर्क आहे. रोज लिहिणारा एखादा पंधरा दिवस गप्प झाला तर त्या गर्दीत तो दिसतच नाही. तिसरी, संघटनेतलं राजकारण. दोन गट असतील तर गिनती दोन्ही गटांबाहेरच्या माणसाकडे द्यावी, नाहीतर निम्मी घरं बंद होतात.

हयातीच्या दाखल्याचाही उपयोग करून घेता येतो. साधारण नोव्हेंबरात सगळे सेतू केंद्रात, बँकेत किंवा जिल्हा कार्यालयात अंगठा द्यायला येतात. पेन्शन संरक्षण खात्याच्या ऑनलाइन 'स्पर्श' प्रणालीवर गेल्यापासून दाखला राहिला की थेट पैसे थांबतात. एप्रिल २०२२ ची पेन्शन तब्बल ५८,२७५ जणांच्या खात्यात वेळेवर जमा झाली नव्हती, कारण त्यांची वार्षिक ओळख पटवणी प्रणालीत नव्हती. संरक्षण मंत्रालयाला २५ मे २०२२ पर्यंत खास मुदत देऊन ती सोडावी लागली. ज्याचा हप्ता पेन्शनच्या तारखेला कापला जातो त्याच्यासाठी एक तारखेला मेसेज न येणं म्हणजे काय, हे प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला इथून दिसत नाही. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाखला राहिलेल्यांची नावं काढावीत आणि घरी जावं. काहींचे अंगठे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. त्यांना डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची सोय दाखवावी. आणि एखादा असा निघतो की मशीन चालू होतं, पैशाची गरज होती, तरी तो गेला नाही. त्याच्याकडे पुन्हा जावं.

धोक्याच्या खुणांबद्दल बरंच लिहिलं जातं, त्यामुळे फौजीपुरतं सांगतो. काळी ट्रंक उघडून डिस्चार्ज बुक, पीपीओ, पदकं मुलाच्या हवाली करणं, एकेकाची देणी अचानक चुकती करणं, लांबच्या दोस्तांना फोन करून जुन्या चुकांची माफी मागणं. यांतली एखादी गोष्ट शहाणपणाचीही असू शकते. पण आधी महिनाभर झोप उडालेली, दारू वाढलेली, आणि मग एकदम शांत होऊन ही कामं सुरू, असं असेल तर ती शांतता चांगली नव्हे. 'माझ्यामागे तुम्हाला फॅमिली पेन्शन आहेच' हे वाक्य हिशेबाचं म्हणून सोडून देऊ नये.

तिथे आडून विचारू नये. 'इतकं अंगावर आलं की माणसाच्या मनात मरणाचा विचार येतो. तुझ्या मनात येतो का?' असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी नाव घेतलं म्हणून सुटल्यासारखं होतं. 'हो' म्हणाला तर पुढचे प्रश्न: रोज येतो का, कसं करायचं ठरवलंय का, त्यासाठीची वस्तू हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झाला होता का. ठरलंय आणि वस्तू हाताशी आहे, असं उत्तर आलं तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नये. त्याच्याजवळ बसून टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावावा आणि दवाखान्यात न्यावं. जिवावरच बेतलं असेल तर ११२ किंवा १०८. 'फौजी असून असं बोलतोस?' हे वाक्य तोंडातून काढू नये. 'बायकापोरांचा विचार कर' हेही नको, कितीही चांगल्या मनाने सुचलं तरी. तो त्यांचाच विचार करत असतो. मी नसेन तर त्यांचं ओझं हलकं होईल, असं त्याच्या आजारी मनाने ठरवलेलं असतं.

आणि मग वस्तू दूर करणं. यात सर्वांत जास्त टाळाटाळ होते म्हणून थोडं लांबवतो. जिवावर उठण्याची लाट बऱ्याचदा काही मिनिटांची, काही तासांची असते. ती ओसरेपर्यंत साधन हाती लागलं नाही तर बहुतेक जण वाचतात, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुन्हा त्या वाटेने जात नाहीत. माजी सैनिकाकडे रखवालीच्या नोकरीसाठी परवान्याची बंदूक असण्याची शक्यता इतरांहून जास्त. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवानाधारक आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतात, हे प्रत्येकाला माहीत आहे. तीच वाट इथे वापरावी. परवानाधारकाने स्वतः, मन थाऱ्यावर असताना, एका मित्राला सोबत घेऊन, परवाना व काडतुसांसह ठाण्यात किंवा सुरक्षित ठेवीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे बंदूक द्यावी आणि पावती घ्यावी. भावाच्या कपाटात नेऊन ठेवू नये. ज्याच्या नावावर परवाना नाही त्याने ती बाळगणं गुन्हा ठरतो, आणि भावाच्या घराची किल्लीही तिथेच खुंटीला असते. तो स्वतः द्यायच्या मनःस्थितीत नसेल तर घरच्यांनी हात न लावता ठाण्याला कळवावं.

इथे एक अडचण खरी आहे आणि ती झाकून उपयोग नाही. मानसिक आजाराची नोंद झाली तर शस्त्र परवाना अडेल, आणि परवाना गेला की नोकरी जाईल, ही त्याची भीती निराधार नसते. नोकरीत असतानाही तो हेच शिकून आलेला असतो: डॉक्टरला मनाचं सांगितलं की मेडिकल कॅटेगरी खाली आणि प्रमोशन गेलं. उपाय मालकाकडे आहे. माजी सैनिकांचं सरकारी महामंडळ मेस्को असो की खासगी सुरक्षा कंपनी, उपचार चालू असलेल्या माणसाला तीन-चार महिने त्याच पगारावर विनाशस्त्र दिवसपाळी द्यावी. गेटवरची वही, सीसीटीव्हीची खोली, पार्किंग, काम कुठेही असतं. पेन्शनचं मात्र निःशंक सांगावं: मनाच्या आजाराचे उपचार घेतल्याने सेवा पेन्शनमधला एक रुपयाही कापला जात नाही.

दुसरी वस्तू शेतातली. श्रीलंकेत गावोगाव कीटकनाशकं ठेवायला कुलपाचे डबे वाटून मोठा अभ्यास झाला. त्या डब्यांनी फरक पडला नाही. फरक पडला तो सर्वांत विषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली तेव्हा. बंदी गावाच्या हातात नाही. पण उरलेली बाटली घरात न आणणं आहे. फवारणीपुरतंच आणावं, उरलं तर कृषी केंद्रात परत द्यावं किंवा शेजाऱ्याच्या फवारणीत संपवावं. नुसत्या कुलपावर विसंबू नये. दवाखान्यातल्या गोळ्याही काही काळ बायकोने किंवा मुलाने आठवड्यापुरत्याच मोजून द्याव्यात.

उपचार कुठे, याचं उत्तर एका ओळीत मावत नाही, पण मार्ग आहेत. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी सैन्यदलांसाठी टेली मानसचा खास कक्षही सुरू झाला. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरकडून मानसोपचाराचं रेफरल घेऊन लष्करी किंवा पॅनेलवरच्या रुग्णालयात जाता येतं. तातडीच्या वेळी रेफरलची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्यावं आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावं. हे कळवणं राहतं आणि बिल अडतं, हा नेहमीचा घोळ. कार्ड नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग आहे, आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. दहाव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे फार. दुसरी गळती पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर होते: गोळी शिल्लक नसली की चिठ्ठीवर 'एनए'चा शिक्का बसतो आणि माणूस रिकाम्या हाताने घरी येतो. म्हणून औषध सात दिवसांचं उरलेलं असतानाच जावं. शिक्का बसला तर गोळी त्याच दिवशी बाहेरून घ्यावी. बिल आणि शिक्क्याची चिठ्ठी एकत्र टाचून ठेवावी.

'पोलीस केस होईल' म्हणून प्रयत्न लपवणारी घरं अजूनही आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता, असंच गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही; सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल, पोलीस जबाब घेतील. तो नोंदीचा भाग, आरोप नव्हे. डॉक्टरला खरं न सांगितल्याने मात्र उपचार चुकतात.

दारूबद्दल एकच गोष्ट, कारण ती माहीत नसल्याने माणसं दगावतात. लष्करी कँटीनचा दारूचा कोटा, त्यावर डोळा ठेवून असलेले गावातले मित्र, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रोज भरपूर पिणारा एखादा पंढरीला जाऊन माळ घालतो आणि त्याच दिवसापासून थेंब बंद करतो. गाव कौतुक करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, फिट येते. लोकांना बाहेरची बाधा वाटते. तो दारू तुटल्याचा झटका असतो आणि जिवावर बेतू शकतो. माळ जरूर घालावी, पण आधी डॉक्टरला दाखवून, गोळ्यांच्या आधाराने.

प्रयत्नातून वाचलेला किंवा मानसोपचार विभागातून घरी सोडलेला माणूस पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक धोक्यात असतो, आणि नेमकं तेव्हाच 'बरा झाला' म्हणून सगळे पांगतात. घरी आल्यापासून तीन दिवसांच्या आत पहिली भेट, मग तीन महिने दर आठवड्याला. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तातडीच्या विभागात आलेल्यांसोबत एका कागदावर सुरक्षेची योजना लिहून काढली आणि नंतर फोन करत राहिले. २०१८ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात पुढच्या सहा महिन्यांतले प्रयत्न जवळजवळ निम्म्याने कमी आढळले. योजना म्हणजे सहा ओळी: कोणत्या खुणा दिसल्या की माझं बिघडतं, तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कुणाकडे किंवा कुठे जाऊन बसू, कुणाला सांगू, कोणत्या डॉक्टरला किंवा क्रमांकाला फोन करू, घरातली कोणती वस्तू दूर ठेवली आहे. त्याच्याच अक्षरात लिहून घ्यावी. कँटीन कार्डाच्या मागे मावते.

त्याहून साधी युक्ती जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर जेरोम मोटो यांना स्वतः दुसऱ्या महायुद्धात लष्करात असताना आलेल्या पत्रांची आठवण होती. त्यांनी पुढचे उपचार नाकारून घरी गेलेल्या ८४३ रुग्णांपैकी निम्म्यांना नुसती खुशालीची पत्रं पाठवली: चार महिने दरमहा, पुढचे आठ महिने दोन महिन्यांनी, मग चार वर्षं तीन महिन्यांनी. पाच वर्षांत एकूण चोवीस. पत्रात सल्ला नाही, औषध घेतोस का हा प्रश्न नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या. आपल्याकडे पोस्टकार्ड नको, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचतात; अंतर्देशीय पत्र घ्यावं, ते अजून एका चहाहून स्वस्त आहे. मजकूर असा पुरतो: 'रामराम. इकडे पाऊस उघडला, भुईमूग काढायला आला. तुझी आठवण झाली. उत्तर आलं तर आनंद, नाही आलं तरी मी पुढच्या महिन्यात लिहीनच.' शेवटचं वाक्य गाळू नये आणि लिहिलेला शब्द मोडू नये.

गिनतीत कुणाला धरायचं यावर वाद होतो. कायद्याने माजी सैनिक म्हणजे कोण, हे गावाने पाहू नये. सीआरपीएफ, बीएसएफमधून आलेल्यांना ईसीएचएस नाही. २००४ नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शनही नाही. अग्निवीरांचा प्रश्न याहून जवळ आला आहे. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीपासून दाखल झाल्या. चार वर्षांनी शंभरातले पंचवीसपर्यंत पुढे ठेवतात, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन एकवीस ते सत्तावीस वर्षांच्या दरम्यान घरी. पेन्शन नाही म्हणजे हयातीचा दाखलाही नाही, म्हणजे वर्षातून एकदा होणारी ती विचारपूससुद्धा नाही. 'परत पाठवला' हा गावचा टोमणा त्यांच्या वाट्याला येईल तो वेगळाच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी त्यांची नावं, पत्ते आत्ताच गोळा करायला घ्यावेत.

शेवटची विनंती आपल्यालाच. भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनाचे नियम स्वीकारले आहेत: बातमी ठळक जागी नको, पद्धतीचं आणि जागेचं वर्णन नको, भडक मथळा नको, छायाचित्र नको. गणवेशातला जुना फोटो, 'टोकाचे पाऊल' आणि पद्धतीचा तपशील, हे तिन्ही टाळता येतं. वर्दीतला फोटो पाहून त्याच अवस्थेतला दुसरा फौजी 'हा माझ्यासारखाच' असं मनात म्हणतो, हे लक्षात घ्यावं. बातमीखाली दोन ओळींची चौकट कायमची ठरवून टाकावी: टेली मानस १४४१६, चोवीस तास, मराठीत, मोफत, तातडीला ११२. ती चौकट शक्यतो त्याच पानावर असावी. आतल्या पानावर टाकली तर तिथपर्यंत तो माणूस पोहोचत नाही.

आपले,
माजी सैनिकांसोबत काम करणारे काही वाचक,
सातारा जिल्हा